विशीतली शाबासकी

रमजानच्या दिवसांत तरावीहची नमाज आटोपून मोहल्ल्यातली मुलं घरी परततात, तेव्हा तिकडे इंग्लंडमध्ये संध्याकाळ होत आलेली असते आणि मैदानांवर दिवे लागलेले असतात. सेहरीपर्यंत अनेकांना जागायचंच असतं. मग मोबाइलवर सामना लागतो. शेजारच्या आळीतली मुलंही त्याच वेळी तोच सामना पाहत असतात. साला, साका, पामर ही नावं दोन्हीकडे सारख्याच सलगीनं घेतली जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र या नावांमागची माणसं ठाऊक नसतात. अठरा-वीस वर्षांचं पोर टीव्हीवर लाखोंच्या गर्दीचं लाडकं होतं, त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न खरं तर त्यांच्याच काळजीचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला एक चांगली जागा आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलमधल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूला दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. त्याची गेल्या पन्नास वर्षांची यादी म्हणजे ती जागा.

हा पुरस्कार देते ती प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, म्हणजे पीएफए. ही खेळाडूंची कामगार संघटना आहे. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात तिचा जन्म झाला. तेव्हा खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती, आणि मैदान कितीही भरलं तरी खेळणाऱ्याच्या हाती ठरलेलीच रक्कम पडायची. आठवड्याला २० पौंड ही शेवटची मर्यादा उठायला १९६१ साल उजाडावं लागलं. हक्कांसाठी भांडणाऱ्या याच संघटनेनं १९७४ साली ठरवलं, की वर्षातून एकदा खेळाडूंनीच खेळाडूंची कदर करावी. मतदान खेळाडू करतात. पत्रकार नाहीत, क्लबांचे मालक नाहीत, प्रेक्षकही नाहीत. हंगामभर ज्यानं तुमच्या पायातून चेंडू काढून नेला, त्यालाच तुम्ही मत द्यायचं. समोरच्याची ताकद अंगावर घेतलेल्या माणसाची ही साक्ष असल्यामुळे या पुरस्काराचं मोल खेळाडूंना वेगळंच वाटतं.

पहिल्या वर्षापासूनच दोन मुख्य मान ठेवले गेले. एक वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा आणि दुसरा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा. तरुण कोणाला म्हणायचं, यासाठी बराच काळ अशी अट होती, की हंगाम सुरू होताना वय २३ किंवा त्याहून कमी असावं. अलीकडच्या वर्षांत ही मर्यादा आणखी खाली आणली गेली. पूर्वी समारंभ एप्रिलच्या सुमारास, हंगाम संपण्याआधीच होत असे. आता तो ऑगस्टमध्ये होतो.

या यादीतली काही नावं जगाला पाठ आहेत. रायन गिग्ज, डेव्हिड बेकहम, मायकल ओवेन, स्टीव्हन जेरार्ड, वेन रूनी, ख्रिस्तियानो रोनाल्डो, हॅरी केन. गिग्जनं १९९२ आणि १९९३ असा लागोपाठ दोनदा हा मान मिळवला. त्याच्यानंतर रॉबी फाउलर, रूनी, डेले अली आणि फिल फोडेन यांनाही तो दोनदा, आणि तोही लागोपाठच मिळाला. एकाच वर्षी दोन्ही मान, म्हणजे तरुणांतही पहिला आणि सगळ्यांतही पहिला, असं आतापर्यंत तिघांच्याच वाट्याला आलं: १९७७मध्ये अँडी ग्रे, २००७मध्ये रोनाल्डो आणि २०१३मध्ये गॅरेथ बेल. पण युरोपातला सर्वात मोठा वैयक्तिक मान, बॅलन डी'ऑर, या संपूर्ण यादीतून फक्त दोघांपर्यंत पोहोचला, ओवेन आणि रोनाल्डो. बाकीच्यांची वाट वेगवेगळी गेली. त्या वाटांवरून थोडं चालून पाहण्यासारखं आहे.

पहिलं नाव

यादीत सर्वात वर केव्हिन बीटी हे नाव आहे. कार्लाइल या उत्तरेकडच्या शहरातल्या गरीब घरातला हा मुलगा. लिव्हरपूलनं त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. तो स्टेशनवर उतरला, पण न्यायला कोणीच आलं नाही. पोरानं वाट पाहिली आणि परतीची गाडी पकडली. ही हकिकत इप्सविचचे प्रशिक्षक बॉबी रॉब्सन यांच्या कानावर गेली. त्यांनी मुलाला बोलावलं तेव्हा लंडनच्या स्टेशनवर आपला माणूस आधीच उभा केला. एका क्लबच्या हातून जो हिरा निसटला तो दुसऱ्याला सापडला, तो फक्त वेळेवर स्टेशनवर माणूस पाठवल्यामुळे.

बीटी बचावपटू होता. उंच उडी, जबरदस्त डावा पाय आणि धावण्याचा वेग. विशीतच त्याला १९७४चा पहिला तरुण खेळाडूचा मान मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या २३ वर्षांखालील संघाच्या शिबिराला तो पोहोचलाच नाही. शोधाशोध झाली. साहेब कार्लाइलला वडिलांसोबत डॉमिनोज खेळत बसलेले सापडले. वृत्तपत्रांनी त्याची गंमत केली. पण एवढ्या लहान वयात एवढं ओझं अंगावर आल्यावर पोर घराकडे पळालं, असंही ते वाचता येतं.

पुढे गुडघ्यानं दगा दिला. दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणं हे त्या काळी नेहमीचं होतं. १९८१मध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्याचा हात मोडला. त्याच वर्षी इप्सविचनं युएफा कप जिंकला, पण अंतिम सामन्यात तो नव्हता, म्हणून पदकही मिळालं नाही. ते पदक हाती पडायला २००८ साल यावं लागलं. इंग्लंडकडून तो फक्त ९ सामने खेळला. तिशी गाठण्याआधीच त्याचे वरच्या पातळीवरचे दिवस संपले. २०१८मध्ये तो गेला. आज इप्सविचच्या पोर्टमन रोड मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे.

तीन वर्षं, तीन माणसं

१९८७, १९८८ आणि १९८९ या सलग तीन वर्षांचे विजेते पाहिले तर मन थबकतं. आर्सेनलचा टोनी अ‍ॅडम्स, न्यूकॅसलचा पॉल गॅस्कॉइन आणि आर्सेनलचाच पॉल मर्सन. तिघेही अफाट गुणी. आणि तिघांनाही दारूनं धरलं.

त्या काळात इंग्लंडमध्ये सामन्यानंतर संपूर्ण संघानं पबमध्ये जाणं ही संघभावनेची खूण मानली जायची. जो जास्त पितो तो मर्द, अशी समजूत होती. अ‍ॅडम्स २१व्या वर्षी आर्सेनलचा कर्णधार झाला आणि २४व्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. मर्सननं १९९४मध्ये दारू, कोकेन आणि जुगार या तिन्हींच्या व्यसनाची जाहीर कबुली दिली. ती देताना त्याला रडू आवरलं नाही. गॅस्कॉइनच्या १९९०च्या विश्वचषकातल्या अश्रूंवर अख्खा देश फिदा झाला होता. पुढची अनेक वर्षं तोच देश त्याची पडझड बातम्यांमधून पाहत राहिला.

अ‍ॅडम्सची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. १९९६मध्ये त्यानं आपण दारूच्या आहारी गेल्याचं सगळ्यांसमोर मान्य केलं आणि दारू सोडली. त्यानंतर त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलनं १९९८ आणि २००२मध्ये लीग आणि एफए कप अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. २०००मध्ये त्यानं स्पोर्टिंग चान्स नावाचं केंद्र सुरू केलं. व्यसनात किंवा मानसिक त्रासात सापडलेल्या खेळाडूंना तिथे उपचार मिळतात, आणि पीएफए त्या कामाच्या पाठीशी उभी आहे. विशीत ज्या मदतीची त्याला गरज होती आणि जी कुठेच नव्हती, ती त्यानं पुढच्या पोरांसाठी उभी केली. मैदानावरचे त्याचे सगळे कप एका पारड्यात टाकले तरी हे काम भारी ठरेल.

रंग आणि मथळे

१९७९चा विजेता सिरिल रेजिस हा या यादीतला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. फ्रेंच गयानामध्ये जन्मलेला, लहानपणी लंडनला आलेला. शाळेनंतर तो इलेक्ट्रिशियनचं काम शिकला. दिवसा वायरिंग आणि संध्याकाळी छोट्या क्लबकडून फुटबॉल. वेस्ट ब्रॉमविच अल्बियननं १९७७मध्ये त्याला अवघ्या ५,००० पौंडांत घेतलं. तिथे लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन यांच्यासोबत तो खेळू लागला. एका संघात तीन कृष्णवर्णीय खेळाडू ही तेव्हा नवलाई होती. परक्या मैदानांवर प्रेक्षक माकडाचे आवाज काढायचे, केळी फेकायचे. १९८२मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाली तेव्हा टपालानं त्याला एक पाकीट आलं. आत बंदुकीची गोळी होती आणि खेळायला उतरलास तर याद राख, अशा अर्थाची धमकी. रेजिस उतरला. ती गोळी त्यानं जपून ठेवली आणि तिच्यातून बळ घेतलं, असं तो पुढे सांगत असे. त्याला पाहून मोठ्या झालेल्या कृष्णवर्णीय मुलांची पिढीच्या पिढी नंतर इंग्लंडच्या मैदानांवर उतरली.

चाळीस वर्षांनी, २०१९मध्ये रहीम स्टर्लिंगला हा पुरस्कार मिळाला. जमैकात जन्मलेल्या रहीमच्या वडिलांचा, तो दोन वर्षांचा असताना खून झाला. आई लंडनला येऊन हॉटेलांमध्ये साफसफाई करायची. शाळेआधी पहाटे तो आणि त्याची बहीण तिला हातभार लावायचे. पुरस्काराच्या चार महिने आधी, डिसेंबर २०१८मध्ये, एका सामन्यात प्रेक्षकांमधून त्याच्यावर शिव्यांचा मारा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या माणसांबद्दल फारसं लिहिलं नाही. त्यानं वृत्तपत्रातल्या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या. मँचेस्टर सिटीच्या दोन तरुण खेळाडूंनी आईसाठी घर घेतलं होतं. गोऱ्या फिल फोडेनच्या बातमीत आईसाठी घर घेणारा गुणी मुलगा होता. कृष्णवर्णीय टोसिन अदाराबियोयोच्या बातमीत एकही लीग सामना सुरुवातीपासून न खेळता हवेलीवर पैसे उधळणारा मुलगा होता. कृती एक, मथळे दोन. अशा मथळ्यांनीच मैदानातल्या शिव्यांना खतपाणी मिळतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. फोडेनचाही यात काही दोष नव्हता, आणि तेही स्टर्लिंगनं स्पष्ट केलं होतं. पुढे २०२१ आणि २०२२मध्ये फोडेननं हाच पुरस्कार मिळवला. एका गावात दोन समाजांची मुलं सारखंच वागतात आणि त्यांच्याबद्दल वेगवेगळी भाषा वापरली जाते, हा अनुभव आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

बुकायो साका हे पुढचं पान. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर युरो स्पर्धेचा अंतिम सामना इटलीविरुद्ध पेनल्टींवर गेला. इंग्लंडची शेवटची पेनल्टी १९ वर्षांच्या साकाकडे सोपवली गेली. ती अडवली गेली. त्या रात्री त्याच्यावर आणि आणखी दोघा सहकाऱ्यांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. पण त्याच वेळी दुसरीकडे टपालाच्या थैल्या भरत होत्या. शाळकरी मुलांनी, आजीआजोबांनी, दुसऱ्या क्लबांच्या चाहत्यांनी लिहिलेली पत्रं. साका आर्सेनलच्या सरावाला परतला तेव्हा क्लबनं ती पत्रं एका भिंतीवर लावून ठेवली होती. तो ती वाचत उभा राहिला. दोन वर्षांनी, २०२३मध्ये, त्याच्या सहव्यावसायिकांनी त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवलं. शिव्या देणारेही लोकच असतात आणि पत्रं लिहिणारेही लोकच असतात. पोर कोणाच्या हाती लागतं यावर बरंच अवलंबून असतं.

मुंबईपर्यंत आलेली वाट

यादीतल्या एका नावाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९९९चा विजेता निकोला अनेल्का. आर्सेनलनं या फ्रेंच मुलाला पॅरिसहून साधारण ५ लाख पौंडांत आणलं होतं. पुरस्कार मिळाला त्याच वर्षी रेआल माद्रिदनं त्याच्यासाठी २ कोटी २० लाख पौंडांहून अधिक मोजले. वय २० आणि डोक्यावर एवढी किंमत. अबोल, कोणाशी फारसा न मिसळणारा हा मुलगा माद्रिदमध्ये रुळला नाही. वर्षभरात तिथून निघाला आणि मग क्लबांमागून क्लब फिरत राहिला. पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर, इस्तंबूल, बोल्टन, चेल्सी, शांघाय, तुरिन. या प्रवासात कधीतरी त्यानं इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल सलाम बिलाल हे नाव घेतलं. चेल्सीकडून २००८-०९मध्ये १९ गोल करून तो प्रीमियर लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढच्याच वर्षी, २०१०च्या विश्वचषकात, प्रशिक्षकाशी झालेल्या भांडणामुळे त्याला फ्रान्सच्या संघातून घरी पाठवण्यात आलं.

आणि २०१४मध्ये तो इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात मुंबई सिटीकडून खेळायला आला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांना पस्तिशीचा, संथ पण चेंडूवर जबरदस्त ताबा असलेला माणूस दिसला. पुढच्या हंगामात तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता. विशीत ज्याच्यावर सगळा युरोप डोळे लावून बसला होता, त्याला शेवटी नव्या मुलांना खेळ समजावून सांगताना मुंबईनं पाहिलं. त्याची कारकीर्द वाया गेली असं म्हणता येत नाही. पण वीस वर्षांच्या मुलावर लावलेली किंमत त्याला आयुष्यभर पुरवावी लागते, हे त्याच्याकडे पाहून कळतं.

एकाच मंचावरचे दोघे

या पुरस्काराचा सर्वात बोलका अध्याय २०१६ आणि २०१७चा आहे. दोन्ही वर्षी तरुण खेळाडूचा मान टॉटेनहॅमच्या डेले अलीला मिळाला. मोठा मान २०१६मध्ये लेस्टरच्या रियाद महरेझला आणि २०१७मध्ये चेल्सीच्या एन्गोलो कान्तेला. त्यानंतरच्या वर्षी, २०१८मध्ये, लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाला. हे तिघेही मुसलमान आहेत, पण इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. डेले अलीच्या वयात या तिघांकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

महरेझ पॅरिसजवळच्या सार्सेल या वस्तीतला. पंधराव्या वर्षी वडील गेले. अंगानं किरकोळ म्हणून मोठ्या क्लबांनी त्याला नाकारलं. फ्रान्सच्या चौथ्या श्रेणीत खेळून तो वर आला. लेस्टरनं २०१४मध्ये त्याला साधारण साडेचार लाख पौंडांत घेतलं. कान्ते एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीही तिसऱ्या श्रेणीतच धावत होता. बुटका म्हणून त्यालाही अकादम्यांनी दारात उभं केलं नव्हतं. साला नाईलच्या खोऱ्यातल्या नाग्रिग गावचा. सरावासाठी बसमागून बस बदलत कैरोला जायचा, आणि एका बाजूचा प्रवासच चार तासांच्या वर व्हायचा. २०१४मध्ये चेल्सीनं त्याला इंग्लंडमध्ये आणलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे तरुण पुरस्काराच्या अगदी वयात. पण त्याला संधीच फारशी मिळाली नाही. इटलीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून तो २०१७मध्ये परत आला. २०१८, २०२२ आणि २०२५ असा तीनदा त्यानं पीएफएचा मोठा पुरस्कार मिळवला. तीनदा तो मिळवणारा साला पहिलाच. तरुणांच्या यादीत त्याचं नाव कुठेच नाही.

आता डेले अली. सोळाव्या वर्षी तो मिल्टन कीन्सच्या पहिल्या संघातून खेळला, एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडकडून. मैदानावर मिश्कील, बेधडक, कधी काय करेल सांगता येत नाही असा. त्याच्या जर्सीवर मात्र आडनाव नव्हतं. आडनावाशी आपलं काही नातं वाटत नाही, म्हणून २०१६पासून तो नुसतं 'डेले' लिहू लागला. तेव्हा अनेकांना ती फॅशन वाटली. २०१८च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं गोल केला. मग हळूहळू खेळ उतरत गेला. आळशी झाला, डोक्यात हवा गेली, पैशानं बिघडला, असं लोक म्हणू लागले.

जुलै २०२३मध्ये माजी खेळाडू गॅरी नेव्हिलला दिलेल्या मुलाखतीत त्यानं स्वतःच सांगितलं. आई दारूच्या आहारी गेलेली. सहाव्या वर्षी घरी येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून लैंगिक छळ. सातव्या वर्षी सिगारेट, आठव्या वर्षी सायकलवरून अमली पदार्थ पोहोचवण्याचं काम, कारण लहान पोराला पोलीस अडवत नाहीत. बाराव्या वर्षी एका कुटुंबानं त्याला आपलं म्हटलं, आणि त्यांच्याबद्दल बोलताना तो कृतज्ञतेनं बोलला. मोठेपणी झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. चोविसाव्या वर्षी सकाळी आरशासमोर उभं राहून खेळ सोडून देण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. मुलाखतीच्या थोडंच आधी तो सहा आठवड्यांचे उपचार घेऊन परतला होता.

म्हणजे २०१६ आणि २०१७च्या त्या झगमगत्या रात्री जो मुलगा ट्रॉफी घेऊन हसत होता, तो हे सगळं आत दाबून उभा होता. मतं देणाऱ्या हजारो सहव्यावसायिकांनी त्याचा खेळ अचूक ओळखला होता. त्याचं दुखणं कोणालाच दिसलं नव्हतं. पुरस्काराचा त्यात दोष नाही. पायातली जादू मोजता येते, मनातली जखम मोजायला दुसरीच नजर लागते, आणि ती नजर मुद्दाम ठेवावी लागते.

टिकलेले

यादीत टिकून राहिलेलेही पुष्कळ आहेत. २०१०चा विजेता जेम्स मिल्नर हे त्यातलं मजेशीर उदाहरण. पुरस्कार मिळाला तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि त्याच्या पाठीशी सात वर्षांहून अधिक काळाची कारकीर्द होती, कारण लीड्सकडून तो २००२मध्ये सोळाव्या वर्षीच मैदानात उतरला होता. पुढेही दीड दशक तो वरच्या पातळीवर खेळत राहिला. दारूला हात न लावणारा, गाजावाजा न करणारा, प्रशिक्षक सांगेल त्या जागी खेळणारा. त्याच्यावर लोक प्रेमानं विनोद करायचे, की किती हा कंटाळवाणा माणूस! तो कंटाळवाणेपणाच त्याला तारून गेला.

स्त्रियांच्या फुटबॉलकडे पाहिलं तर चित्र आणखी वेगळं दिसतं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९२१मध्ये आपल्या मैदानांवर स्त्रियांना खेळायला बंदी घातली आणि ती उठवायला अर्धं शतक लावलं. पीएफएचा स्त्रियांसाठीचा तरुण खेळाडू पुरस्कार सुरू झाला तो थेट २०१४मध्ये. २०१५ची विजेती लिया विल्यमसन पुढे इंग्लंडची कर्णधार झाली आणि तिच्या नेतृत्वाखाली संघानं २०२२ आणि २०२५ अशी दोनदा युरो स्पर्धा जिंकली. नॉरफकच्या एका लहानशा गावातून आलेल्या लॉरेन हेम्पनं हा पुरस्कार चार वेळा मिळवला: २०१८, २०२०, २०२१ आणि २०२२. कोणत्याही पुरुषाला हे जमलेलं नाही.

२०२५चा विजेता अ‍ॅस्टन व्हिलाचा मॉर्गन रॉजर्स याची वाटही सरळ नव्हती. मँचेस्टर सिटीच्या अकादमीत असताना त्याला पहिल्या संघाचं दार उघडलं नाही. लिंकन, बोर्नमथ, ब्लॅकपूल अशा क्लबांकडे तो उसना दिला गेला. मग दुसऱ्या श्रेणीतल्या मिडल्सब्रोमध्ये गेला आणि तिथून २०२४मध्ये व्हिलाकडे आला. आधीच्या नकारांनी त्याला सबुरी शिकवली असावी.

अर्ध्या मिनिटाची थांबण्याची तयारी

एप्रिल २०२१मध्ये, रमजानच्या महिन्यात, लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्यात सामना होता. लेस्टरचा २० वर्षांचा बचावपटू वेस्ली फोफाना रोज्यानं होता. सूर्यास्त सामन्याच्या मध्येच होणार होता. दोन्ही संघांनी आधीच ठरवलं होतं. साधारण अर्ध्या तासाच्या खेळानंतर पॅलेसच्या गोलरक्षकानं गोलकिक मारायला मुद्दाम थोडा वेळ घेतला. फोफाना रेषेपाशी गेला, पाणी प्यायला, काहीतरी खाल्लं आणि परत आपल्या जागी उभा राहिला. सामना लेस्टरनं जिंकला. नंतर फोफानानं दोन्ही क्लबांचे आणि समोरच्या गोलरक्षकाचे जाहीर आभार मानले. पुढे इंग्लंडमध्ये रमजानच्या सामन्यांत असं थांबणं रूढ झालं.

फोफानाला तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळालेला नाही. पण त्या रात्री त्याला जे मिळालं, ते बीटीला स्टेशनवर मिळालं नव्हतं आणि डेले अलीला सहाव्या वर्षी मिळालं नव्हतं. या पोराला आत्ता कशाची गरज आहे, हे कोणीतरी वेळेवर विचारलं होतं. आणि विचारणाऱ्यांत समोरचा संघही होता.

आपल्या गावांतही विशीतली शाबासकी दिली जातेच. दहावीला पहिला आलेला, कुराण मुखोद्गत करून हाफिज झालेला, जिल्ह्याच्या संघात निवड झालेली मुलगी, चौकात फ्लेक्सवर हसणारे चेहरे. हार घालणारे हात पुष्कळ असतात. ही गुणवत्ता म्हणजे अमानत आहे, ती त्या मुलाची जितकी तितकीच आपल्या सगळ्यांच्या सांभाळाची, असं मानलं तर हार घातल्यानंतर एक काम उरतं. फ्लेक्स उतरल्यावर महिन्याभरानं त्या घरी जायचं, पोराच्या शेजारी बसायचं आणि निकाल, गुण, सामना यातलं काहीही न विचारता, तू कसा आहेस, एवढंच विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.